हातच्याची वर्कशीट

भाचा तिसरीत गेला आणि त्याच्या वजाबाकीचं खातं ताईने माझ्या नावावर केलं. "तू दिवसभर एक्सेलमध्येच असतेस, दे की काढून त्याला वर्कशीट." मी काढली. रँडबिटवीनचं, म्हणजे आपोआप कुठलेही आकडे काढून देणारं सूत्र टाकलं, दोन मिनिटांत वीस गणितं तयार. छापली. मग उत्तरं छापायला गेले तर आकडे बदललेले! त्या सूत्राची खोडच ती. पानावर कुठेही काही टाइप केलं की ते सगळे फासे नव्याने टाकतं. शेवटी विसाच्या वीस वजाबाक्या मीच पेन्सिलीने सोडवल्या. एक चुकलीही.

त्याच्या आठ चुकल्या. नीट पाहिलं तर आठही चुका सख्ख्या बहिणी. 52 वजा 28, उत्तर 36. 71 वजा 45, उत्तर 34.

"अरे, हे 36 कुठून आले?"

"मावशी, लहानातून मोठं जात नाही ना? दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले."

शिकवलेला नियम पोराने इमानेइतबारे पाळला होता. फुली मारायला माझा हात धजेना.

आणि बरोबर आलेल्या बारा? त्यांत हातचा लागतच नव्हता. एककाच्या घरात 0 ते 9 मधले कुठलेही दोन अंक टाका, 100 जोड्यांपैकी 45 मध्येच वरचा अंक लहान निघतो. म्हणजे निम्म्याहून जास्त कागद त्याने येत होतं तेच गिरवण्यात घालवला होता, आणि मी वर त्याला "शाब्बास" म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक्सेल बंद. एका पाठकोऱ्या कागदावर हाताने आठच गणितं घातली, सगळी हातच्याची. पहिलं असं: तुझ्याकडे दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी. दुकानदाराला 28 द्यायचेत.

"त्याच्याकडे सुट्टे आहेत का?" त्याने लगेच विचारलं.

झालं. एक नोट मोडली, हातात बारा नाणी आली. तेव्हापासून दशकावर काट मारताना तो "मोडली" असं पुटपुटतो. आम्हाला नुसतंच "हातचा घे" सांगायचे. कोणाच्या हातचा, हे विचारायची प्राज्ञा नव्हती.

मग तोंडी घालून पाहिलं आणि नवीनच भानगड निघाली. त्रेपन्न म्हटलं की हा लिहितो 35. बरोबरच आहे, कानावर आधी तीन पडतात, पन्नास मागून येतात. एकोणसाठचे तर 69 होतात. साठ ऐकू येतात, 'एकोण'मधलं एक उणं ऐकू येत नाही. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यावरचे विनोद पुढे ढकलणाऱ्यांत मीही होते. आता ते 35 बघून जरा ओशाळायला होतं. तरी त्रेपन्न सोडवत नाही. म्हणून वर्कशीटवर एक जास्तीचा रकाना आखलाय, आधी ऐकलं ते अक्षरात लिही, मग आकड्यात.

परवा त्याने मलाच विचारलं, "मावशी, तुला काय येत नाही? मी तुझी वर्कशीट करतो."

खरं ते सांगितलं. औटकी. आजीला साडेतीनचा अख्खा पाढा घडाघडा यायचा, माझा कधीच झाला नाही.

पाठकोऱ्या कागदावर त्याने दहा गणितं घातली आहेत. पहिलंच, औट सत्ते किती. तो समोर बसलाय, आणि मी टेबलाखाली बोटं मोजतेय.