काच कुठली घेऊ? आधी फ्रेमच्या काडीवरचे आकडे वाचा

लक्ष्मी रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात जा नाहीतर घराजवळच्या, नंबराचा कागद पुढे केला की प्रश्न ठरलेला: "साधी देऊ की पातळ?" पातळ म्हणजे हाय इंडेक्स; काच प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा म्हणजे इंडेक्स, 1.50 ते 1.74. आकडा वाढला की किंमत चढते, आणि मोठ्या नंबराचं गिऱ्हाईक मुकाट्याने 1.74 ला हो म्हणतं. पण तोवर मोठी, फॅशनची फ्रेम निवडून झालेली असते. जाडीचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

हिशोब सोपा आहे. काडीच्या आतल्या बाजूला 52-18 असं काही छापलेलं असतं: काचेची रुंदी 52 मिमी, नाकावरचा पूल 18. बेरीज 70. तुमचा पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, 62 असेल तर 8 मिमीचा फरक पडला. प्रत्येक काचेचा मध्य 4 मिमी नाकाकडे सरकवावा लागतो, आणि कानाकडची कड मध्यापासून 26 अधिक 4, म्हणजे 30 मिमीवर जाते. या अंतराचा वर्ग करा, नंबराने गुणा, मग 2000 गुणिले (इंडेक्स वजा 1) याने भागा. मायनस नंबरात मधली जाडी, साधारण एक-सव्वा मिमी, त्यात मिळवली की कडेची जाडी आली. उत्तर अंदाजाचंच, पण तुलनेला पुरतं.

मायनस 6 ला या फ्रेममध्ये 1.74 ची काच घातली तरी कड पावणेपाच मिमीच्या आसपास येते. तोच नंबर 46-20 च्या फ्रेममध्ये घाला: अंतर 25 मिमी, आणि 1.60 ची काचसुद्धा सुमारे 4.4 मिमीत बसते. स्वस्त काच, तरी पातळ. फ्रेम गोल किंवा लंबगोल असेल तर चौकोनी कोपऱ्यांची जाडीही वाचते.

दोनपर्यंतच्या नंबराला साधी 1.50, म्हणजे सीआर-39, उत्तम. दुकानात हिलाच फायबर म्हणतात. रंग फाकण्याचं माप म्हणजे अ‍ॅबे अंक. तो जितका मोठा तितकं कडेने स्वच्छ दिसतं. सीआर-39 चा 58 आहे, जुन्या खऱ्या काचेइतकाच. पॅकेजमध्ये हमखास गळ्यात पडणारी 1.56 मला पटत नाही. मायनस 2 ला, 25 मिमी अंतरावर, ती 1.50 पेक्षा जेमतेम 0.13 मिमी वाचवते आणि त्यासाठी ठिसूळपणा पदरात टाकते.

पॉलिकार्बोनेट 1.59, अ‍ॅबे 30. फुटायला महाकठीण, वजनाला हलकी. मुलांना, क्रिकेट-बॅडमिंटनवाल्यांना हीच किंवा ट्रायवेक्स घ्या. पण नंबर मोठा असेल तर रंग फाकतात. मायनस 6 मध्ये मध्यापासून 10 मिमी बाजूला पाहिलं की 6 प्रिझम (प्रकाश बाजूला वळण्याचं माप). भागिले अ‍ॅबे अंक 30, उत्तर 0.2. साधारण 0.1 च्या पुढे डोळ्याला ते जाणवू लागतं: ट्यूबलाइटच्या एका कडेला निळी रेघ, दुसरीला नारिंगी. 1.67 आणि 1.74 चे अंकही 32-33 च्याच घरात, म्हणून नवीन पातळ काचेतून "कडेने विचित्र दिसतं" ही तक्रार येते. 1.60 चा अंक 41 च्या आसपास. तीन ते सहा नंबरवाल्यांनी आधी तिचाच विचार करावा. ट्रायवेक्स (1.53, अ‍ॅबे 43 ते 45) सगळ्यात हलकी आणि चिवट, पण मोठ्या नंबरात जाड दिसते.

रिमलेस फ्रेमला, म्हणजे जिथे काचेला भोक पाडून स्क्रूने काड्या जोडतात, 1.50 किंवा 1.56 घालू नका, भोकापाशी तडा जातो. तिथे ट्रायवेक्स किंवा 1.60. पॉलिकार्बोनेट भोक सहन करते, मात्र स्क्रू जास्त आवळला की कालांतराने बारीक रेघा पडतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने तर ती पांढुरकी होते.

प्लस नंबरात जाडी मध्यात असते. तिथे दुकानदाराला "लहान डायमीटरचा ब्लँक (कापायच्या आधीची गोल काच) मागवा" असं सांगितलं तर इंडेक्स न वाढवताही काच बारीक होते.

इंडेक्स वाढला की परावर्तनही वाढतं: 1.50 मधून सुमारे 8 टक्के प्रकाश परततो, 1.67 मधून जवळपास 12. त्यामुळे हाय इंडेक्सला अँटीग्लेअर कोटिंग ही चैन नव्हे. ते कोटिंग उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तडकतं, कारण खालचं प्लॅस्टिक उष्णतेने जास्त फुगतं आणि वरचा थर तेवढा ताणत नाही. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात आणि काच बदलण्यावाचून इलाज उरत नाही. दुचाकीवरून आल्यावर धूळ शर्टाच्या टोकाने पुसू नका. नळाच्या गार पाण्याखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब लावा, मग मऊ कापड.

चष्मा ताब्यात घेताना काचेचं पाकीट मागून घ्या. त्यावर इंडेक्स, पॉवर आणि कोटिंग छापलेलं असतं; बिलाशी तिथेच ताडून बघा.