ती बाई त्यांनी चित्रपटात ठेवली

आमची रात्रशाळा साडेसहाला भरायची. दिवसभर वर्कशॉपमध्ये हेल्परकी करून मी दहावीच्या वर्गात येऊन बसायचो, तेव्हा बोटांना ग्रीसचा वास असायचा. १९८७ सालच्या एका संध्याकाळी मराठीच्या सरांनी फळ्यावर पांढरी चादर बांधली आणि आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट दाखवला.

माहितीपट म्हणजे थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणारी सरकारी फिल्म, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे तर झोपड्या तुटलेली आमच्यासारखीच माणसं बोलत होती. त्यातली एक बाई संतापून कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते, गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमवाल! दुसऱ्या कुणी हे कापून टाकलं असतं. पटवर्धनांनी ठेवलं.

दिवे लागल्यावर सरांनी एवढंच विचारलं, “का ठेवलं असेल?” कुणालाच सांगता आलं नाही.

पुढे मी पटवर्धनांचे चित्रपट शोधून शोधून पाहिले. कॅमेरा स्वतः धरायचा, संकलन स्वतः करायचं, प्रश्नही स्वतःच विचारायचे, ही त्यांची रीत. २००२ च्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉरने सुचवलेले कट त्यांनी मानले नाहीत, उच्च न्यायालयात लढून चित्रपट अखंड सोडवून आणला. या चिकाटीपुढे मी आजही हात जोडतो.

‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. काही दिवसांतच घोगरेंनी गळफास घेतला. पटवर्धनांनी तेव्हा हाती घेतलेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पुरा झाला. चौदा वर्षं! शाहिरांची गाणी, कोर्टकचेऱ्या, घरातल्यांचं दुःख, सगळ्यामागे ते चिवटपणे जात राहिले.

तो मी आमच्या वस्तीत पाहिला, मैदानात पडदा बांधून. घोगरेंचं गाणं लागलं तशा मागच्या बायका टाळ्यांवर ठेका धरून गाऊ लागल्या. संपल्यावर एक आजी उठल्या आणि माईकची वाट न पाहता म्हणाल्या, “आमच्या नळाला चार दिवस पाणी नाही, ते पण घ्या की!” कुणी त्यांना खाली बसवलं नाही.

घरी येताच सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, ती बाई का ठेवली, ते आज कळलं.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. “बोल,” सर म्हणाले, “ऐकतोय.”