सिस्टर कोणाशी बोलतेय?

ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणजे अवयव मागणारी बाई असं लोकांना वाटतं, पण खरं काम असतं नातेवाईकांना मरण समजावून सांगायचं. तेही आमचेच डॉक्टर आधी 'ब्रेन डेड आहे' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात 'व्हेंटिलेटर काढला की जाईल' म्हणतात, त्यानंतर. अरे, गेलाय ना? मग परत कुठे जाणार?

पोरगा बाईकवरून पडलेला, हेल्मेट नाही. सोबत आई आणि गावाकडचे काका. ब्रेन डेड ठरवायची पहिली टेस्ट झाली, सहा तासांनी दुसरी. काकांना मी त्यातली अ‍ॅप्निया टेस्ट, म्हणजे स्वतःहून श्वास घेतो का ते बघायची टेस्ट, बघायला उभं केलं, मी शक्यतो करतेच हे, काही डॉक्टरांना आवडत नाही तरी. व्हेंटिलेटर काढतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि सगळे छाती-पोटाकडे बघत बसतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेला की जिवंत मेंदू गप्प बसूच शकत नाही, श्वास ओढतोच. इथे पोट जरासुद्धा हललं नाही. काकांनी ती आठ-दहा मिनिटं स्वतःचाही श्वास धरून ठेवलेला, मला दिसत होतं. चार डॉक्टरांच्या सह्या झाल्या, मृत्यूची वेळ दुसऱ्या टेस्टची लागली.

मग व्हेंटिलेटर परत जोडला, कारण अवयवांना रक्त हवं. आणि तेवढ्यात आमची सिस्टर आली, नेहमीसारखी पोराला म्हणाली, "दादा, कूस बदलते हां, घाबरू नको."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तो मेलाय ना? मग ही कोणाशी बोलतेय?"

उत्तरं माझ्याकडे पाठ असतात. अवयवदानाचा १९९४ चा कायदा, ब्रेन-स्टेम म्हणजे मेंदूचा श्वास चालवणारा खालचा देठ, हात हलला तर तो मणक्यातला रिफ्लेक्स कसा. आपल्याकडे ब्रेन-स्टेम गेला की माणूस गेला, अमेरिकेत अख्खा मेंदू जावा लागतो, म्हणजे माणूस कुठे संपतो ते थोडंफार देशावरही आहे, हे मी नातेवाईकांना कधी सांगत नाही. पण सिस्टरच्या बोलण्याला कुठलाच फॉर्म नाही. मी काहीतरी पुटपुटले, सवय असते म्हणून.

काका म्हणाले, "सवय नाही ती. आमच्यात पण अंघोळ घालताना बोलतात मयताशी."

किडन्या, लिव्हर दिलं त्यांनी. डोळे नाही, आई नको म्हणाली, मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नंतर इन्चार्जनी सिस्टरला झापलं, म्हणे दुसऱ्या टेस्टनंतर पेशंटशी बोलायचं नाही, नातेवाईक कन्फ्यूज होतात आणि कन्सेंट जातो. इथे कन्सेंट गेलाच नव्हता, उलट मला तर वाटतं ती बोलली म्हणून काकांना पटलं की आम्ही त्याला सामान समजत नाही. पण हे सिद्ध कसं करणार, ठाऊक नाही. मी म्हटलं, मॅडम, लेखी ऑर्डर काढा तशी. अजून तरी काढलेली नाही.