कुणी न ऐकलेलं पद

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात संगीत नाटकाचा प्रवेश म्हटलं की ‘सौभद्र’ नाहीतर ‘शारदा’ हे ठरलेलंच. आम्ही नववीत गेलो त्या वर्षी मराठीच्या बाईंनी ‘संगीत रामराज्यवियोग’ काढलं, आणि वर्गात एकानंही ते नाव ऐकलेलं नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’नंतरचं हे नाटक, १८८४ सालचं. तीन अंक झाले, पुढचं लिहायचं राहिलं आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. “बाई, अपुरं नाटक कशाला?” आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, “अण्णासाहेब आपल्या बेळगावात मास्तर होते रे. मास्तरांची वही अपुरी राहिली म्हणून ती उघडायचीच नाही का?”

खरं कारण मला पुढं कळलं. आठवीत असताना एका आंतरशालेय स्पर्धेत मी ‘मानापमान’मधलं पद म्हटलं होतं. आवाज नुकताच फुटायला लागला होता. परीक्षकांनी सगळ्यांसमोर मोठ्या गायकांचं नाव घेऊन मला त्यांच्या शेजारी उभं केलं, आणि त्या दिवसापासून मी गाणं सोडलं. बाईंनी मला बोलावून मंथरेचं काम दिलं. “हे काम भाऊराव कोल्हटकर करायचे,” त्या म्हणाल्या. भाऊराव म्हणजे त्या काळचे नावाजलेले गायक नट. मी घाबरलोच. मग त्यांनी सांगितलं, “भाऊराव १९०१ साली गेले. त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. ते कसं गात, हे आज कुणालाच ऐकायला मिळत नाही. तू गाशील तेच पद.”

शाळेतल्या मुलांसाठी नाटक निवडताना मला आजही हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. गाजलेल्या पदाला कुणाचा तरी गळा कायमचा चिकटलेला असतो. चौदा वर्षांचं पोर तिथं कितीही जीव तोडून गायलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात दुसराच कुणीतरी गात असतो.

चालींची मात्र पंचाईत होती. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. पण ते मूळ गाणंच आता कुणाला येत नाही. दिंडी, साकी या ठरलेल्या चालीच्या जुन्या छंदांतल्या पदांचं सोपं होतं. बाकावर बोटं आपटत आम्ही दिंडीच्या १९ मात्रा मोजायचो, आधी नऊ, मग दहा. रघुनाथपंडितांच्या दमयंती-आख्यानामुळं ते वळण कानात होतंच. बाकीच्या पदांना पेटीवाल्या सरांनी भूप, पिलू अशा रागांत साध्या चाली बांधल्या. ताना नाहीत, आलाप नाहीत, शब्द स्वच्छ ऐकू आले पाहिजेत. माझी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गायचं, ते रोज विचारायचे. पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवरून, पांढरी चारवरून, आम्ही उतरत उतरत पहिल्या काळीला, काळी एकला येऊन थांबलो. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढं ‘काळी एक’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, आणि आधीच्या पट्ट्या खोडरबरानं पुसलेल्या नीट दिसायच्या.

संमेलनाच्या रात्री पाठीवर चादरीची घडी बांधून, वर आईचं जुनं लुगडं नेसून मी उभा राहिलो. पदाच्या दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. मी थिजलो. समोर मात्र कुणी हसलं नाही, की माना वळल्या नाहीत. त्यांना वाटलं, मंथरा अशीच गाते. पेटीवाल्या सरांनी तोच सूर धरून ठेवला, डोळ्यांनी ‘पुढं’ म्हणाले आणि मी अख्खं पद म्हटलं.

पेटीवाल्या सरांची ती वही निवृत्तीच्या वेळी त्यांनी मला दिली. सगळ्या पदांच्या चाली त्यात स्वरलिपीसह आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या संमेलनासाठी यंदा नाटकाची शोधाशोध चालू असेल, तर शाळेनं ती माझ्याकडून जरूर न्यावी. पट्ट्या तेवढ्या नव्या मुलांच्या गळ्याप्रमाणं लिहाव्यात.