वेचणीच्या दिवसांतलं नखुरडं

सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, कापूस वेचणी लागली की बोटांचे हाल सुरू होतात. पऱ्हाटीवरच्या वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, तिथून जंतू शिरतात. आधी कड लाल होते, मग ठणका, मग पू. हेच नखुरडं. पू धरायच्या आधी बोट कोमट पाण्यात 15 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा बुडवून ठेवा आणि नंतर नीट कोरडं करा. पू दिसला तर सुईनं, काट्यानं फोडू नका; दवाखान्यात नखाची कड उचलून तो काढतात. लिंबात बोट घालून बसल्यानं बरं वाटतही असेल, पण साचलेला पू त्यानं निघत नाही.

खरी भीती टोकाच्या पेराची. सूज कडेला नसून बोटाच्या मऊ गादीत असेल, गादी ताठ झाली असेल आणि ठणक्यानं झोप येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या गादीत कातडीपासून हाडापर्यंत पडदे असतात. पूला पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढून रक्तपुरवठा अडतो आणि आतलं हाड खराब होऊ शकतं. मधुमेह असेल तर साध्या नखुरड्यालाही थांबू नका. अंगठी सूज चढायच्या आधीच काढा, नाहीतर कापावी लागते.

डॉक्टरांना फोनवर सांगताना ‘तिसरं बोट’ म्हणू नका. कोणी अंगठ्यापासून मोजतं, कोणी तर्जनीपासून. ‘उजवी अनामिका, टोकाचं पेर’ असं सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही.