डिस्क गेली नव्हती, पीआयओ या संथ मोडमध्ये अडकली होती (माझा अनुभव)

गावाकडे अण्णांचा जुना पीसी आहे, पेंटियम ४, इंटेल ८४५ जीव्हीचा बोर्ड, ८० जीबीची आयडीई (जुन्या चपट्या केबलची) डिस्क आणि विंडोज एक्सपी. त्यात त्यांच्या भजनी मंडळाची कितीतरी वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, सगळी वेव्ह फाइलमध्ये, साधारण ३० जीबी. ती बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काढून घ्यावीत म्हणून दिवाळीत बसलो तर सेकंदाला जेमतेम अडीच-तीन एमबी, माउससुद्धा अडकत अडकत हलतोय, भजन लावलं तर पखवाज फाटल्यासारखा वाजतोय आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवर. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने न बघताच सांगितलं डिस्क गेली, आता काही मिळायचं नाही. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री नीट जेवले पण नाहीत. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, न बघता असं कसं सांगतात.

सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) शून्य, पेंडिंग (संशयित) पण शून्य, पण १९९ नंबरचा अल्ट्रा डीएमए सीआरसी एररचा (पाठवताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा भरपूर वाढलेला. म्हणजे तबकडी ठणठणीत आहे, डेटा खराब होतोय तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनल उघडलं, वर डीएमए निवडलेलंच होतं पण खाली चालू मोड दाखवत होता पीआयओ. पीआयओत डेटाचा प्रत्येक शब्द (दोन बाइट) प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो म्हणून सगळं मशीन दमतं, डीएमएत कंट्रोलर थेट रॅममध्ये टाकतो. एक्सपीचं असं आहे की टाइमआउट किंवा सीआरसीच्या एकूण सहा चुका झाल्या की तो वेग एक पायरी खाली आणतो, चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओवर जाऊन बसतो आणि आपणहून परत वर येत नाही.

एक्सपीने वेग नव्याने ठरवावा म्हणून चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, मोड ५ (डीएमएचा वरचा वेग) आला, इतका आनंद झाला. कॉपी लावली आणि अर्ध्या तासात परत पीआयओ! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) पॅरिटी एररची, म्हणजे डेटा बिघडून पोचल्याची, रांग लागलेली.

मग कॅबिनेट उघडलं. ८० तारांची चपटी केबल कुणीतरी घडी घालून रबरबँडने बांधलेली आणि ती घडी डिस्कच्या पत्र्याच्या कडेखाली दाबलेली, तिथे प्लास्टिक पांढरं पडून दोन-तीन तारा चेपलेल्या हाताला लागत होत्या. या केबलमधल्या ८० पैकी ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या असतात, मोड २ च्या वर जायचं तर त्या लागतातच. गावात दुसरी केबल कुठली मिळणार, म्हणून सीडी ड्राइव्हची ४० तारांची काढून डिस्कला लावली, डिस्कवरचा जंपर (ती पहिली की दुसरी हे ठरवणारी छोटी क्लिप) ‘केबल सिलेक्ट’वर होता तो ‘मास्टर’वर केला आणि चॅनल पुन्हा अनइन्स्टॉल. आला मोड २, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३३ एमबी, पण यूएसबी २.० वर त्याहून जास्त तसंही जात नाही. तिथेच थांबून आधी सगळं कॉपी करून घेतलं, अर्ध्या तासाच्या आत झालं, १९९ चा आकडा एकानेही हलला नाही. वेगाच्या मागे लागण्याआधी डेटा बाहेर काढा हे मी कुणालाही हात जोडून सांगेन.

पुण्याला आल्यावर तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरून ८० तारांची केबल मिळाली, पुढच्या सुट्टीत बसवली, निळं टोक बोर्डाला, काळं डिस्कला, मधलं करडं रिकामं. लांबी १८ इंचाच्या वर नसावी तेही मोजून घेतलं. आता मोड ५ टिकून आहे, डिस्कवरून वाचायचा वेग चाळीसच्या पुढे येतोय, आणि अण्णांनी पहिल्यांदा कार्तिकातली काकड आरती लावली ती शेवटपर्यंत कुठेही न अडकता वाजली.

१९९ चा आकडा कधी शून्य होत नाही, वाढतोय का एवढंच बघायचं असतं, म्हणून आजचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. अण्णांना सांगून ठेवलंय, परत माउस अडकायला लागला तर दुकानात नेऊ नका, आधी मला फोन करा.