तबल्याची खोली: शेजारची भिंत झाली, जमीन अर्धी, दार बाकी

तबल्याचा आवाज शेजारी आणि खाली जाऊ नये म्हणून हे काम चाललंय. शेजाऱ्याकडची मूळ भिंत चार इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा, लांबी 3.6 मीटर, उंची 3. चाटीचे (तबल्याच्या काठावरचे) बोल ती बऱ्यापैकी अडवते, डग्ग्याचा घुमारा मात्र पलीकडे पोचतो. म्हणून तिच्यापुढे, तिला कुठेही न टेकणारी जिप्समची दुसरी भिंत.

खरी मेख पोकळीत आहे. दोन भिंती आणि मधली हवा मिळून स्प्रिंगवरच्या वजनासारख्या डोलतात, आणि ज्या कंपनसंख्येला डोलतात तिथे नवी भिंत उलट नुकसान करते. हिशोब सोपा: दोन्ही भिंतींची वजनं किलो प्रति चौरस मीटरमध्ये घ्या, त्यांच्या व्यस्तांची (1 भागिले वजन) बेरीज करा, मीटरमधल्या पोकळीने भागा, वर्गमूळ काढा, 60 ने गुणा. साडेबारा मिमी बोर्डाचे दोन थर साधारण 17 किलो, वीटभिंत 250. पोकळी 25 मिमी धरली तर येतात 95 हर्ट्झ, म्हणजे ऐन डग्ग्यावर! 75 मिमीला 55, म्हणून तेवढी ठेवली. बोर्ड धरून खोलीची चार इंच जागा गेली. ती द्यावीच लागते.

सामान: 50 मिमी जीआय स्टड (जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे उभे खांब) सात, 600 मिमीवर, वीटभिंतीपासून 25 मिमी सुटे. वरच्या-खालच्या चॅनलखाली रबराची पट्टी. स्टडांमध्ये 50 मिमी रॉकवूल (दगडी लोकर), घनमीटरला 48 किलो घनतेचं, दाबून न ठासता (मास्क आणि हातमोजे घालूनच). सहा बाय चारचे बोर्ड बारा. पहिल्या थराला 25 मिमीचे स्क्रू, दुसऱ्याला 40 चे. दुसरा थर अर्ध्या बोर्डाने सुरू केला की सांध्यावर सांधा येत नाही.

बोर्ड कडेला 5 मिमी सोडून बसवले आणि फट न कडकणाऱ्या सिलंटने भरली. इथे पुट्टी चालत नाही, ती वाळली की तडकते. तळाशी 3 मिमी फट उघडी राहिली तर भरते 108 चौ. सेंमी, भिंतीचा हजारावा भाग. तेवढ्यानेच कितीही भारी भिंत 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. स्विचबोर्डासाठी नव्या भिंतीला भोक नाही, तो भिंतीच्या वरूनच बसवला. फोमच्या टाइल्स विकत घेऊ नका, त्या खोलीतल्या खोलीत प्रतिध्वनी कमी करतात, शेजाऱ्याला काही फरक पडत नाही.

जमिनीला 50 मिमी काँक्रीटचा थर टाळला. त्याचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातं, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दोनशे किलोच्या वापरभारासाठीच (माणसं, सामान) धरलेला असतो. त्याऐवजी 10 मिमी रबर, वर 18 मिमी प्लायचे दोन थर, आडवे-उभे. स्क्रू 30 मिमीचेच. 40 चा घेतला की तो रबरात घुसतो आणि लादीला टेकला तर कंप सरळ खालच्या मजल्यावर. प्लाय भिंतीपासून 10 मिमी लांब. स्कर्टिंग भिंतीलाच, प्लायला नाही. दुसरा थर अजून अर्धाच बसलाय.

दाराखाली 10 मिमी फट, रुंदी 900. म्हणजे 90 चौ. सेंमी. पुढचा टप्पा तोच.